लेकीची वही परत द्या, भाऊ

रावेर तालुक्यातल्या एका केळी बागायतदार वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं : "मुलगी बारावी सायन्सला आहे. दहावीला ९१ टक्के होते. आता म्हणते, मेडिकलसाठीची नीट परीक्षा देणार नाही, मला विज्ञानकथा आणि जादूच्या राज्यांच्या गोष्टी लिहायच्यात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लिहीत बसते. रागाच्या भरात मी वही कपाटात कुलपात टाकली. चार दिवस झाले, घरात कुणाशी बोलत नाही. या कामाला पगार किती असतो? पोट भरतं का? वहीतली थोडी पानं झेरॉक्स करून पाठवतोय. तुम्हीच वाचून सांगा, ताई."

भाऊ,

पानं दोनदा वाचली. त्यांच्याबद्दल सांगतेच, पण आधी पैशाचं बोलू, कारण तुमची झोप त्यानं उडाली आहे.

पगार नसतो. मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण हजार प्रतींची निघते, कधी पाचशेचीच. किंमत ३०० रुपये आणि रॉयल्टी दहा टक्के धरा. सगळ्या प्रती खपल्या तर ३०,००० रुपये हातात येतात, आणि त्या खपायला दोन-तीन वर्षं सहज जातात. दिवाळी अंकाचं मानधन काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत असतं. कित्येक अंक मानधन म्हणून नुसता अंकच पाठवतात. निव्वळ विज्ञानकथांवर घर चालवणारा मराठी लेखक शोधूनही सापडायचा नाही. इंग्रजीत दर बरे आहेत. अमेरिकेतल्या विज्ञानकथा-अद्भुतकथा लेखकांच्या संघटनेनं २०१९ पासून व्यावसायिक दर शब्दाला किमान ८ सेंट ठरवला आहे, म्हणजे चार हजार शब्दांच्या कथेला ३२० डॉलर. पण तिथं जगभरातून कथा येतात आणि शंभरातली एखादीच घेतली जाते. केळीला भाव नाही म्हणून तुम्ही रडता, पण तिथं निदान घड तरी कापला जातो. इथं वर्षाचं काम साभार परत येतं.

मग या मंडळींचं चालतं कसं? जयंत नारळीकर खगोलशास्त्रज्ञ होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी पहिली कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. आपल्या नावाला बघून बक्षीस नको, म्हणून आद्याक्षरं उलटी केली. अक्षर ओळखू नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. कथेला पहिला क्रमांक मिळाला. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रात होते. सुबोध जावडेकर केमिकल इंजिनिअर. यांच्या कथा त्यांच्या कामाच्या टेबलावरच जन्मल्या. तुमच्या घरात 'सायन्स की लेखन' असं जे भांडण पेटलंय, ते मला मुळातच चुकीचं वाटतं. या प्रकारच्या लेखनाला सायन्स म्हणजे काळी जमीन आहे.

आता पानं. पहिली नऊ पानं न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत घडतात. तिथं एक डॉक्टर स्मिथ आहेत आणि सगळे 'ओह माय गॉड' म्हणतात. ही पानं तिनं कुठंतरी पाहिलेल्या गोष्टींची आहेत. त्यांची चिंता करू नका, सगळ्यांची सुरुवात अशीच होते. दहावं पान वेगळं आहे. शेताला वीज रात्रीचीच मिळते, म्हणून मुलगी वडिलांबरोबर बागेत मोटर चालू करायला गेली आहे. वडील स्टार्टरचं हिरवं बटण दाबतात. मोटर घुमते, उचलत नाही. वडील बॅटरीचा झोत डीपीकडे, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरकडे, मारतात आणि तो झोत मधेच तुटतो, पुढं जातच नाही, जणू हवेत भिंत आहे. मुलगी त्या भिंतीला हात लावते तर ती ओली लागते आणि तिला तापीच्या गाळाचा वास येतो. भाऊ, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. हे पान कुठून पाहून लिहिता येत नाही. त्यासाठी रात्री दोनला बापाच्या मागे बांधावरून चालावं लागतं.

तिला सांगा, स्मिथसाहेबांना निरोप दे. आपल्याकडे माल काय कमी आहे? चाळीसगावजवळ पाटण्याला तेराव्या शतकाच्या सुरुवातीला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. तसा शिलालेख तिथं आहे. सातपुड्यात अस्तंब्याच्या शिखरावर अश्वत्थामा अजून जिवंत आहे असं मानून दिवाळीत हजारो माणसं यात्रेला चढतात. एका बाजूला आकाशाचं गणित, दुसऱ्या बाजूला मरण नसलेला माणूस. अद्भुतकथा लिहिणाऱ्याला आणखी काय पाहिजे? आणि घरात बोलता तीच बोली पात्रांच्या तोंडी येऊ दे. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्यांच्या बोलीनं सबंध महाराष्ट्राला थांबून ऐकायला लावलं.

लेखकाचा दिवस कसा असतो तेही सांगते, कारण तिच्या डोळ्यांसमोर बहुतेक पुस्तक प्रकाशनाचा समारंभ असेल. बहुतेक वेळ दुरुस्तीत जातो. एक कथा चार-पाच वेळा लिहायची. जादू असेल तर तिचे नियम वेगळ्या वहीत मांडायचे : ती कोण करू शकतं, केल्यावर काय गमवावं लागतं, कुठं चालत नाही. मग तिसऱ्या प्रकरणात आपणच आपला नियम मोडलेला सापडतो आणि चाळीस पानं मागं जावं लागतं. दिवाळी अंकाची कथा ऐन उन्हाळ्यात, पारा ४५ला टेकलेला असताना लिहायची आणि पावसाळ्यात संपादकाकडे द्यायची. उत्तराची वाट बघायची, आणि बघता बघता दुसरी सुरू करायची. सोबत अनुवाद, ऑडिओसाठी लेखन, वर्तमानपत्रात विज्ञानाचे लेख, यांतून दरमहा थोडं थोडं येत राहतं.

आणि करार वाचायचा. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पहिल्या पुस्तकाच्या आनंदात न वाचता सही केली. सिनेमा, ऑडिओ, भाषांतर, सगळे हक्क कायमचे गेले, आणि आजतागायत त्याला विक्रीचा हिशेब मिळालेला नाही. कॉपीराइट कायद्यात लेखकाची बाजू आहे. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण 'कायमचे, जगभर' असं लिहिलेल्या कागदावर आपणच सही केली तर ते कलम काय करणार? तुम्ही सातबारा जसा ओळ न् ओळ वाचता, तसं हे वाचायला तिला शिकवा.

कुणी म्हणेल, आता मशीनच गोष्टी लिहितं. २०२३च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या क्लार्क्सवर्ल्ड मासिकाकडे मशीननं लिहिलेल्या कथांचा इतका ढीग आला की त्यांना कथा घेणंच काही काळ बंद करावं लागलं. स्मिथसाहेबांची नऊ पानं मशीन सहज लिहील. तिचं दहावं पान नाही.

माझं मत असं. नीटचा आग्रह सोडा. मन नसताना रिपीटरची दोन वर्षं घालवलेली मुलं माझ्यासमोर दर जूनमध्ये बसतात, आणि ते बघवत नाही. पण सीईटी तिनं मनापासून द्यायची, यावर तुम्ही ठाम राहा. बीएस्सी ॲग्री करता येईल, केळी संशोधन केंद्र तर आपल्या जळगावातच आहे. फिजिक्स आवडत असेल तर बीएस्सी फिजिक्स. निवड तिची. परीक्षेपर्यंत लेखन रोज अर्धा तास, संध्याकाळी, रात्री दोनला नाही. परीक्षा झाली की विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी एक कथा पूर्ण करायची. नोकरी लागल्यावर पहिली दहा वर्षं लेखनाकडून घरखर्चाची अपेक्षा ठेवायची नाही, हे तिनं आजच मान्य करावं. मला वाटतं ती करेल.

वही आजच परत द्या. माफी वगैरे मागत बसू नका, त्यानं दोघांनाही अवघडल्यासारखं होईल. त्यापेक्षा दहावं पान उघडा. तिनं लिहिलंय की एक फेज गेला आणि मोटर त्याच क्षणी जळाली. तसं होत नाही, हे मला नुसतं ऐकून माहीत आहे, तुम्ही तर दोनदा वाइंडिंग भरून आणलंय म्हणता. मोटर किती वेळ घुमते, वास आधी येतो की धूर, हात लावला तर किती भाजतं, ते तिला बसून सांगा.