वाचकांचे प्रश्न : संगणक बदलला, मग स्वच्छतागृह का नाही?

प्रश्न : मी नोकरीला लागलो तेव्हा कार्यालयात काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे दाखवणारा संगणक होता. आज त्याच्या कितीतरी पट काम खिशातला फोन करतो. सार्वजनिक स्वच्छतागृह मात्र मला तेव्हा होते तसेच दिसते. दोन्ही रोजच्या गरजेच्या गोष्टी असताना एकीने एवढी मजल मारावी आणि दुसरीने जागा सोडू नये, असे का? – एक निवृत्त वाचक

उत्तर : आपले निरीक्षण अर्धे खरे आहे. संगणकाच्या बाबतीत यंत्रच बदलले. स्वच्छतागृहात बदल झाला तो मुख्यतः तिथे कोणाची सोय होते यात, आणि तो चटकन डोळ्यांत भरत नाही.

१९४६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जाहीरपणे दाखवण्यात आलेल्या एनिअॅक या संगणकात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या आणि त्याचे वजन ३० टनांच्या घरात होते. १९७१ साली इंटेलने बाजारात आणलेल्या ४००४ या मायक्रोप्रोसेसरवर, म्हणजे गणिती काम करणाऱ्या एका छोट्या चिपवर, निर्वात नळ्यांचेच काम करणारे साधारण २,३०० ट्रान्झिस्टर होते. आजच्या फोनमधील चिपवर ते अब्जावधींच्या संख्येने असतात. ट्रान्झिस्टर लहान होत गेला तसतसा तो स्वस्त झाला, कमी विजेवर चालू लागला आणि वेगवानही झाला. एकाच सुधारणेतून इतके लाभ एकदम पदरात पडावेत, असे भाग्य फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला येते. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीच्या सर्वांत साध्या आवृत्तीत अवघी १६ किलोबाइट मेमरी होती. पुढे घरोघरी पोहोचलेल्या साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइट माहिती मावत असे, आणि आज फोनने काढलेले एक छायाचित्रसुद्धा बहुधा तिच्यावर मावणार नाही.

शौचकूपाला ही सवलत नाही. माणसाचे शरीर लहान होत नाही आणि मैला वाहून नेण्यासाठी लागणारे पाणी व नळाचा उतार यांचे गणितही फारसे बदलत नाही. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली ज्या रचनेचे पेटंट घेतले, तिच्यात भांड्याखालचा नळ इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वळवलेला होता. त्या वळणात थोडे पाणी कायम साचून राहते आणि गटारातील दूषित वायूला वर येऊ देत नाही. अडीचशे वर्षांनंतरही भांड्याखाली हेच तत्त्व काम करते, आणि त्याला जुनाट म्हणावे असे मला मुळीच वाटत नाही. बरेच दिवस बंद असलेल्या स्वच्छतागृहाचे दार उघडताच जो उग्र वास येतो, त्याचे कारण अनेकदा एवढेच असते की त्या वळणातले पाणी सुकून गेलेले असते. अशा वेळी बादलीभर पाणी ओतले की वास थांबतो. संगणकातही न बदललेले काही आहेच. इंग्रजी कळफलकावरील अक्षरांचा क्रम १८७० च्या दशकातील टंकलेखन यंत्रापासून जवळजवळ तसाच चालत आला आहे.

आता सोयीचे पाहू. प्राचीन रोमच्या ओस्तिया या बंदरातील सार्वजनिक शौचालयाचे अवशेष आजही पाहता येतात. भिंतीला लागून दगडी बाक, त्यात ओळीने पाडलेली भोके, खाली वाहत्या पाण्याचा पाट आणि दोन माणसांमध्ये आडोसा असा नाहीच. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमधील भव्य प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज यांनी पाण्याने धुतली जाणारी शौचालये बसवली, तेव्हा एक पेनी मोजून त्यांचा वापर करणाऱ्यांची संख्या ८ लाख २७ हजारांवर गेली. त्यानंतर शहरांत सार्वजनिक शौचालये वाढली खरी, पण त्यांतील बहुतेक पुरुषांसाठी होती. घराबाहेर सोय नाही म्हणजे स्त्रीने किती वेळ आणि किती दूर जायचे हे आपोआपच ठरून जात असे, आणि या अन्यायाची नोंद त्या काळी फार थोड्यांनी घेतली. तो आजही पुरता संपलेला नाही. पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या विभागाला सारखेच क्षेत्रफळ दिले, तरी शौचकूपांपेक्षा कमी जागा घेणाऱ्या मुताऱ्यांमुळे पुरुषांची सोय अधिक होते. शिवाय स्त्रियांना वेळही अधिक लागतो, म्हणून रांग त्यांच्याच दाराशी लागते. अमेरिकेतील काही राज्यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हे प्रमाण सुधारणारे कायदे केले. तिथल्याच १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यानंतर आलेल्या मानकांनी चाकांची खुर्ची पूर्ण वळवण्यासाठी साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी जागा मागितली. दाराची रुंदी आणि भिंतीवरचा आधाराचा दांडा यांचाही विचार तेव्हापासून नियमाने होऊ लागला.

तरीही हा बदल मंद का, याचे माझ्या मते खरे उत्तर खरेदीत आहे. १९६० च्या दशकात अनेक जण एकाच मोठ्या संगणकावर वेळ वाटून घेऊन काम करीत; १९७७ च्या सुमारास घरगुती संगणक विक्रीला आले आणि वापरणारा स्वतःच ग्राहक झाला. गैरसोयीचा संगणक तो पुन्हा घेत नाही, त्यामुळे उत्पादकाला त्याचे ऐकावेच लागते. सार्वजनिक स्वच्छतागृह वापरणारा मात्र ते निवडत नाही आणि विकतही घेत नाही. आराखडा काढणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा आणि तिथे ताटकळणारा तिसराच. त्यातून संगणकातील उणीव नव्या सॉफ्टवेअरने दूर करता येते, पण अरुंद बांधलेले दार भिंत फोडल्याशिवाय रुंद होत नाही.

प्रश्न : हल्ली स्वच्छतागृहांत हात पुढे केला की पाणी देणारे नळ असतात. पुष्कळदा ते हात धरूनही चालत नाहीत. यापेक्षा जुनी तोटी बरी नव्हे काय? – एक वाचक

उत्तर : या नळातून अवरक्त किरण बाहेर पडतात. ते हातावर आदळून परत आले की सेन्सर ते ओळखतो आणि विजेवर चालणारी झडप उघडतो. सेन्सरच्या काचेवर साबणाचा थर बसला, बॅटरी उतरली किंवा हात किरणांच्या टप्प्याबाहेर राहिला, की पाणी येत नाही. अशा वेळी हात जोरजोराने हलवण्याऐवजी काच पुसून तो तिच्यासमोर स्थिर धरावा. स्वयंचलित फ्लशचीही तीच गत आहे. बसलेली व्यक्ती पुढे वाकली, तरी ती उठून गेली असे समजून तो मध्येच पाणी सोडतो.

म्हणून तोटीच बरी असे मात्र मी म्हणणार नाही. अनेकांचा हात लागलेली तोटी धुतलेल्या हाताने पुन्हा बंद करावी लागत नाही, हा मोठा लाभ आहे, आणि ज्यांच्या बोटांत जोर उरलेला नाही त्यांना फिरवायच्या तोटीपेक्षा हा नळ निश्चितच सोपा आहे. माझा आग्रह एवढाच, की सेन्सर बंद पडला तरी पाणी मिळावे यासाठी हाताने चालवण्याची व्यवस्था सोबत असावी. फ्लशच्या अनेक नमुन्यांत सेन्सरच्या जवळ असे छोटे बटण दिलेले असते. त्यावर ठळक खूण नसल्यामुळे ते लक्षात येत नाही, तेव्हा पुढच्या वेळी ते अवश्य शोधून पाहावे.