विचारा बिनधास्त : देवळालीचा गोरा सोजीर

प्रश्न : आमचे आजोबा सांगायचे की देवळाली कॅम्पात गोरे सोजीर नुसते पडून असायचे, दारू प्यायचे नि भांडायचे. राज्यच त्यांचं होतं म्हटल्यावर मजाच असणार ना? (एक वाचक, भगूर)

उत्तर : आजोबांचं खरंय, पण मजा जरा जास्तच झालं हो! राज्य साहेबाचं होतं, सोजीराचं नाही. हा तिकडच्या गरिबाघरचा पोरगा, बेकारीला कंटाळून भरती झालेला, त्यात कितीतरी आयरिश. व्हिक्टोरिया राणीच्या काळात पगार दिवसाला एक शिलिंग, त्यातूनही खाण्याकपड्याचं कापून घ्यायचे. आता देवळालीचं बघा, कॅम्प १८६१ चा, नोकरीची मुदत संपलेल्यांना इथं आणून बसवायचे आणि पलटणी मायदेशी नेणाऱ्या बोटी साधारण थंडीतच सुटायच्या, म्हणजे ज्याची मुदत चैत्र-वैशाखात संपली तो बसला महिनोन्‌महिने, काम नाही धंदा नाही, वर ते ऊन. मग दारू नाही पिणार तर काय करणार?

एक ऐट मात्र होती. पहाटे अंधारात न्हावी बराकीत शिरायचा आणि सोजीर झोपेत असतानाच त्याची दाढी उरकून पुढच्या खाटेकडे. भिस्ती, धोबी, पंखेवाला सगळे हाताशी, तेही आण्यांत. मायदेशी ह्याच पोराला कुणी दारातसुद्धा उभं केलं नसतं.

प्रश्न : मग मरायचे ते लढाईतच का? आणि बायकापोरं? (त्याच वाचकाचा पुढचा प्रश्न)

उत्तर : लढाईत कमीच. १८६३ च्या शाही आयोगाने हिशेब मांडला तर इथले गोरे शिपाई वर्षाला हजारी ६९ मरत होते, आणि ते बहुतेक कॉलरा, हगवण, ताप, लिव्हर ह्यांनी. कारणं पण साधीच, गर्दीच्या बराकी, घाण पाणी आणि कॅन्टीनमधली दारू.

लग्नाला वरिष्ठांची परवानगी लागायची आणि हिंदुस्थानात शंभरामागे साधारण १२ जणांनाच ती मिळायची, बाकीच्यांनी ब्रह्मचारी राहायचं. राहायचे थोडेच, म्हणून तर सरकारने छावण्यांत गुप्तरोगाची वेगळी हॉस्पिटलं काढली, आणि त्यात पकडून आणून तपासायचे कुणाला तर बाजारातल्या बायकांना, सोजीर मोकळाच! ज्यांची लग्नं झाली त्यांचंही फार बरं नव्हतं, आधीच्या काळात तर बराकीच्याच कोपऱ्यात पडदा लावून संसार चालायचा. नवरा कॉलऱ्यात गेला की बाईला सरकारी शिधा काही महिनेच, म्हणून बऱ्याचजणी त्याच पलटणीतल्या दुसऱ्या शिपायाशी लगेच लग्न करून टाकायच्या.