बिंग चेरीला बहर भरपूर, पण फळ धरत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडजवळच्या नव्या घरात बिंग चेरीचं झाड मिळालं, एप्रिलमध्ये ते पांढरंशुभ्र फुलतं, पण मे महिन्यात बारीक हिरवी फळं पिवळी पडून गळतात. सांगोल्याला डाळिंबाची बाग करणारे तुमचे सासरे म्हणतात, झाडाला ताण द्या (म्हणजे काही दिवस पाणी तोडा), खत घाला आणि जानेवारीत छाटा.

सासऱ्यांचा सल्ला डाळिंबासाठी अगदी योग्य आहे. तिथे ताण दिल्याशिवाय बहर धरत नाही. चेरीची गोष्ट वेगळी. तिचे फूलकळे आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि हिवाळ्यातल्या थंडीने जागे होतात. तुमच्या झाडाला फुलं येतातच, म्हणजे बहराची अडचण नाही, अडचण परागाची आहे.

बिंगचं फूल बिंगच्या परागाने फळत नाही. परागकण फुलावर पडला की त्यातून एक बारीक नळी आत बीजांडाकडे वाढू लागते. हा पराग आपल्याच प्रकारचा आहे हे फुलाने ओळखलं की ती नळी वाटेतच थांबते. बी धरत नाही, आणि बी नसलेलं फळ झाड टाकून देतं. ही ओळख एका जनुकाच्या प्रकारांवरून होते. बिंगमध्ये त्यातले एस-३ आणि एस-४ आहेत, आणि लँबर्ट व रॉयल ॲन या वाणांमध्येही नेमके हेच दोन. म्हणून ही तीन झाडं शेजारी शेजारी लावली तरी एकमेकांच्या उपयोगी पडत नाहीत. ओरेगॉनच्या कृषी प्रयोग केंद्राने हे 1913 मध्येच दाखवून दिलं होतं. तरी अजून लोक 'दुसरी कुठलीही चेरी चालेल' असं ऐकून लँबर्ट घेऊन येतात, म्हणून हे इतकं सविस्तर सांगतोय. शेजाऱ्यांकडची गुलाबी फुलांची शोभेची जपानी चेरीही यात भरवशाची नाही.

माझं मत विचाराल तर स्टेला लावा. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या समरलँडच्या केंद्रात तयार झालेला हा वाण 1968 मध्ये बाहेर आला. तो स्वतःच्या परागाने फळतो आणि बिंगलाही पराग पुरवतो. व्हॅन किंवा ब्लॅक टार्टेरियनही चालेल. झाड शंभर फुटांच्या आत असावं. जागा कमी असेल तर गिझेला-५ खुंटावरचं कलम मागा, ते फार उंच जात नाही. नवीन झाड फुलायला काही वर्षं लागतील, तोवर एक सोपी युक्ती आहे. कुणाकडे स्टेला किंवा व्हॅन असेल तर बहराच्या वेळी फुललेल्या चार फांद्या मागून आणा आणि पाण्याच्या बादलीत घालून तुमच्या झाडाखाली ठेवा. बाकी काम माश्या करतात. आमच्याकडे ओरेगॉनमधल्याच सेलमला त्या दिवसांत गारठा आणि पाऊस असतो, मधमाश्या फारशा बाहेर पडत नाहीत. मेसन माश्या, म्हणजे पोळं न करता एकएकट्या नळ्यांत घर करणाऱ्या माश्या, मात्र अशा हवेतही उडतात. त्यांच्यासाठी बांबूच्या नळ्यांचा जुडगा भिंतीला आडव्या दिशेने टांगून ठेवा. बहरात कीटकनाशक मुळीच फवारू नका.

आता छाटणी. जानेवारीत कृपा करून करू नका, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती. इथल्या ओल्या थंडीत ताज्या जखमेतून कँकर हा जिवाणूंचा रोग शिरतो, सालीतून डिंक वाहू लागतो, फांद्या वाळतात आणि कोवळी झाडं तर मरूनही जातात. छाटणी फळं उतरल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये, पुढे काही दिवस कोरडी हवा आहे असं बघून करा. दाटी करणाऱ्या आणि वाळलेल्या फांद्याच काढा. जुन्या फांद्यांवर आखूड, गाठाळ काड्या दिसतील, त्यांना हात लावू नका. फळं वर्षानुवर्षं त्यांच्यावरच लागतात.

खत सध्या नकोच. नत्र जास्त झालं की पालेदार वाढ होते आणि अशी माजलेली वाढ रोगाला लवकर बळी पडते. ताण तर अजिबात नको. इथे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ नसतो आणि पुढच्या वर्षीचे कळे त्याच दिवसांत घडत असतात, तेव्हा आळ्यात खोलवर पाणी द्या. हिवाळ्यात मात्र बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, या मुळांना निचरा लागतो.

फळ धरायला लागलं की पाखरं येणारच. रंग चढायच्या आधी जाळी टाका. चेरी तोडल्यावर पिकत नाही, म्हणून झाडावरच पूर्ण गोड होऊ द्या आणि देठासकट तोडा, पण ती आखूड काडी मोडणार नाही एवढं जपा.

बुंध्यावर कुठे डिंक दिसतोय का, ते आजच बघून कळवा. तसं असेल तर नवीन झाड आणण्याआधी त्याचा बंदोबस्त करावा लागेल.