छातीत दुखत असेल तर रिक्षा की १०८?

तुम्ही विचारलंय, सदाशिव पेठेतून हॉस्पिटल दहा मिनिटांवर असताना बाबांना रिक्षाने का नेऊ नये? कारण हार्ट अटॅकमध्ये हृदयाचा ठेका कधीही बिघडून ते थांबू शकतं, आणि रिक्षात शॉक देणारं यंत्र नसतं. १०८ च्या अॅडव्हान्स्ड अॅम्ब्युलन्समध्ये ते असतं. आपल्याकडे २०१४ पासून चालू असलेल्या या सेवेत गाडीवर डॉक्टरही असतो. फोन जातो तो पुण्यातल्याच औंधच्या कंट्रोल रूमला, पण म्हणून त्यांना तुमचा बोळ माहीत असेल असं समजू नका. मारुती, गणपती, जी काय खूण असेल ती सांगा आणि एकाला नाक्यावर उभं करा. पेठेत निम्मा वेळ पत्ता शोधण्यातच जातो!

तोवर बाबांना बसवून ठेवा, जिने उतरवू नका. अॅस्पिरिन फोनवर विचारूनच द्या.

शुद्ध हरपली आणि श्वास थांबला किंवा नुसते आचके येत असतील, तर लगेच छातीच्या मधोमध दाबायला लागा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५-६ सेंमी खोल. बरगडी मोडेल म्हणून थांबू नका.

गाडी फारच लांब आहे असं कळलं तरच स्वतःचं वाहन काढा, पण स्कूटर नको.