वायुकोश, वाताशय की नुसती हवेची पिशवी?

प्रश्न असा आलाय की मुलांसाठी पक्ष्यांवर लेख लिहिताना 'पक्ष्याच्या अंगात 9 वायुकोश असतात' असं लिहिलं, तर एकाने हरकत घेतली की वायुकोश माणसाला कोट्यवधी असतात, मग पक्ष्याला 9च कसे? बरोबर कोण, आणि त्यापेक्षा पक्ष्यासाठी वाताशय म्हणावं का?

तसे दोघेही बरोबर, कारण दोन्ही गोष्टींना मराठीत वायुकोश म्हणतात, आणि घोळ तिथेच आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकातले वायुकोश म्हणजे फुप्फुसातले बारीक बारीक फुगे, एकेक साधारण 0.2 मिलिमीटरचा, आणि ऑक्सिजन रक्तात जातो तो तिथेच. पक्ष्याचं उलटं आहे, त्या 9 पिशव्यांमध्ये वायूंची देवाणघेवाण जवळपास होतच नाही, त्यांच्या भिंतींना रक्तपुरवठाच जेमतेम, त्या नुसता लोहाराचा भाता चालवतात आणि खरं काम फुप्फुसात होतं. कोंबडी साफ करणाऱ्याला विचारा, फुप्फुसं बरगड्यांना आतून इतकी घट्ट बसलेली असतात की बोटाने खरवडून काढावी लागतात, ती फुगत नाहीत की आकसत नाहीत. पिशव्यांचा पापुद्रा मात्र हात लागला की फाटतो म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

गंमत पुढे आहे. आत घेतलेली हवा बरीचशी आधी मागच्या पिशव्यांत जाते, श्वास सोडताना तिथून फुप्फुसात, पुढच्या श्वासाला पुढच्या पिशव्यांत आणि मग बाहेर, म्हणजे एका घोटभर हवेला दोन श्वास लागतात, पण फुप्फुसातून ती एकाच दिशेने वाहते आणि श्वास सोडतानाही ताजी हवा मिळत राहते. हिवाळ्यात उजनी धरणावर येणारे पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले रानहंस, हिमालयावरून, कधीकधी 7000 मीटरच्याही वरून उडतात, त्यात या व्यवस्थेचा मोठा वाटा आहे. काही पिशव्या तर हाडांत शिरतात. जॉन हंटर या शल्यविशारदाने 18व्या शतकात दाखवलं होतं की पक्ष्याची श्वासनलिका बांधली तरी पंखाच्या कापलेल्या हाडातून तो श्वास घेऊ शकतो!

वाताशय हा शब्द माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीसाठी राहू द्या. मूत्राशय, पित्ताशय तसाच वाताशय, जिथे काहीतरी साठून राहतं ती जागा. बहुतेक माशांत तो श्वासासाठी नसतोच, पाण्यात वरखाली तरंगायला असतो. घोळ माशाचा वाताशय म्हणजे कोळ्यांचा बोत, कुणी भोत म्हणतात, माशापेक्षा त्यालाच भाव जास्त. मरळ हवा घेते खरी, पण ती कल्ल्यांच्या वरच्या पोकळीतून, वाताशयाने नाही.

तेव्हा माझं मत, पक्ष्यांसाठी सरळ 'हवेच्या पिशव्या' लिहा, मुलांनाही कळेल. वायुकोश ठेवायचाच असेल तर पहिल्यांदा येईल तिथे 'फुप्फुसाबाहेरचे' एवढं जोडा. आणि कोश की कोष यावर भांडू नका, संस्कृतात दोन्ही आहेत, फक्त एका लेखात एकच ठेवा.