वाचक विचारतात : लुलेओचा महिला आइस हॉकी संघ

गेल्या अंकात स्वीडनच्या महिला आइस हॉकीवर मजकूर आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं उत्तर स्वीडनमधल्या लुलेओ या एकाच संघाविषयी आहेत, म्हणून या वेळी तीच घेतली आहेत.

लुलेओ क्लबची स्थापना १९७७ ची आहे. मग महिला संघही तेव्हाचाच का? आणि नावात ‘लुलेओ एचएफ/एमएसएसके’ अशी तिरकी रेघ कशाला?
— एक वाचक, नाशिक

१९७७ हे साल पुरुषांच्या क्लबचं. महिला संघ लुलेओत जन्मला नाही, तो शेजारच्या गावाहून आला. एमएसएसके म्हणजे मुंकसुंद-स्कूथाम्न स्पोर्टक्लुब. मुंकसुंद ही पितेओ शहराची कागद कारखान्याभोवतीची वस्ती, लुलेओपासून दक्षिणेला साधारण पन्नास किलोमीटरवर. या छोट्या क्लबचा महिला संघ वरच्या स्तरावर खेळत होता, पण मोठ्या क्लबांशी टक्कर द्यायला पैसा आणि माणसं अपुरी पडत. २०१५ मध्ये लुलेओने त्याला आपल्या छत्राखाली घेतलं. तिरकी रेघ त्या जुन्या घराची खूण आहे. बातम्यांत ती सर्रास गाळतात, आमच्या मते ते बरोबर नाही.

छत्र मिळाल्याने फरक काय पडला, हे समजायला महिला संघांची नेहमीची अडचण माहीत हवी. ती असते बर्फाच्या वेळेची. रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, एकच, आणि पुरुषांचा संघ, कनिष्ठ मुलांचे संघ यांच्या वेळा लागल्यावर जे उरतं ते महिलांना. म्हणजे रात्री उशिरा, दिवसभर नोकरी किंवा कॉलेज करून दमलेल्या अंगाने सराव.

दुसरी अडचण वरवर क्षुल्लक वाटते : स्केटला धार लावणारा माणूस. स्केटच्या पात्याला खालून मधोमध खोबण असते आणि तिच्या दोन कडांवर खेळाडू उभी राहते. खोबण खोल असेल तर वळताना बर्फ घट्ट पकडतो, पण पातं रुततं आणि वेग जातो. उथळ असेल तर घसरण छान होते, पण अचानक थांबताना पाय निसटतो. बहुतेकींची खोबण १३ ते १६ मिलीमीटर त्रिज्येच्या आसपास असते. ती प्रत्येक वेळी तेवढीच राहायला हवी, आणि दोन्ही कडा समान उंचीच्या हव्यात. एक कड जरा जरी उंच राहिली, तरी खेळाडू एका बाजूला वळताना सारखी घसरते आणि दोष तंत्राचा समजला जातो. मोठ्या क्लबकडे हे काम करणारा पगारी माणूस असतो. छोट्या क्लबमध्ये ते कुणाच्या तरी वडिलांकडे असतं.

हॉकीवर लिहिणारे लोक गाजलेल्या खेळाडूंची नावं घेतात. आमचं वजन मात्र रिंक, फिजिओ आणि धारवाल्याच्या पारड्यात पडतं. विलीनीकरणानंतरच्या पहिल्याच मोसमात, २०१६ मध्ये, या संघाने अंतिम फेरीत लिनशोपिंगला हरवलं. लिनशोपिंग तेव्हा सलग दोन वर्षं विजेता होता.

एका ठिकाणी सात विजेतेपदं लिहिली आहेत, दुसरीकडे सहा. खरं काय?
— एक वाचक, सांगली

दोन्ही बरोबर, मोजणी वेगळी. २०१६, २०१८, २०१९, २०२१, २०२२, २०२३ आणि २०२४ ही सात राष्ट्रीय विजेतेपदं. पैकी २०१६ चं विजेतेपद रिक्ससेरियन या जुन्या नावाच्या लीगमधलं. ही लीग २००७ मध्ये सुरू झाली आणि २०१६ च्या पुढच्या मोसमापासून तिचं नाव एसडीएचएल, म्हणजे स्वेन्स्का दामहॉकीलीगान, झालं. नव्या नावाखालचीच मोजली की सहा उरतात.

मधली दोन रिकामी वर्षंही वेगवेगळ्या कारणांची आहेत. २०१७ मध्ये यूरगोर्डेन जिंकला. २०२० मध्ये महामारीमुळे मोसम अर्धवट सोडावा लागला आणि विजेतेपद कुणालाच दिलं नाही. म्हणून ‘सलग सहा’ म्हणताना ‘दिल्या गेलेल्यांपैकी सलग सहा’ असं म्हणावं. २०२१ ते २०२३ तिन्ही वर्षं अंतिम फेरीत समोर ब्रिनेस होता आणि तिन्ही वर्षं तो हरला. ब्रिनेसच्या गेव्हले गावात हा विषय काढू नये.

२०२५ मध्ये ही माळ फ्रोलुंडाने तोडली. तोही पुरुषांचा जुना, बलाढ्य क्लब, आणि त्याचा वरिष्ठ महिला संघ उभा राहून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. लुलेओचंच सूत्र लुलेओवर उलटलं. त्याच वसंतात लुलेओच्या पुरुषांनी १९९६ नंतरचं आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं. त्यांच्या दोन विजयांच्या मधल्या काळात महिलांनी सात जिंकली, हे नोंदवायला हरकत नाही.

संघात फिनलंडच्या खेळाडू इतक्या कशा?
— एक वाचक, मडगाव

नकाशा पाहा. लुलेओ बोथनियाच्या आखाताच्या उत्तर टोकाजवळ आहे आणि फिनलंडची सीमा तिथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. स्टॉकहोम त्याच्या कितीतरी पट लांब. शिवाय सराव आणि सामने यांची पातळी फिनलंडच्या स्वतःच्या महिला लीगपेक्षा वरची. बचावपटू येन्नी हीरिकोस्की २०१६ मध्ये आली आणि अनेक वर्षं या संघाचा कणा राहिली. २०१९ च्या विश्वचषकात फिनलंडला रौप्य मिळालं, तेव्हा सर्वोत्तम खेळाडूही तीच. त्या अंतिम सामन्यात जादा वेळेतला जो गोल रद्द झाला आणि फिनलंडचं सुवर्ण हुकलं, तो करणारी पेत्रा निएमिनेनही पुढे लुलेओकडून खेळली. आता ओढ अटलांटिकपलीकडे आहे : लुलेओत बरीच वर्षं घालवलेली रोन्या साव्होलाइनेन २०२४ च्या ड्राफ्टमधून (संघांनी आळीपाळीने खेळाडू निवडण्याची पद्धत) उत्तर अमेरिकेच्या नव्या व्यावसायिक लीगमध्ये, ओटावाकडे गेली.

मुलींच्या हॉकीत अंगाने धडक द्यायला बंदी असते असं ऐकलं होतं. स्वीडनमध्ये चालते? माझी पुतणी तिथे शिकायला सुरुवात करते आहे, काळजी वाटते.
— एक वाचक, ठाणे

चालते, पण पुतणीच्या गटात काय चालतं ते तिच्या क्लबला विचारा. खाली सांगितला आहे तो वरिष्ठ लीगचा नियम आहे. १९९० च्या पहिल्या महिला विश्वचषकात धडक चालत होती. त्यानंतर ती बंद झाली. एसडीएचएलने २०२२-२३ च्या मोसमापासून ती पुन्हा आणली, पण मोकळी सोडली नाही. पकसाठी, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीसाठी, झगडताना, एकाच दिशेने जाताना खांदा लावता येतो. मोकळ्या बर्फावर समोरून धावत येऊन आदळणं गुन्हाच आहे.

मुळात धोका धडकेपेक्षा अंतराचा असतो. कडेच्या फळीला चिकटून उभी असलेली खेळाडू धक्का अंगभर वाटून घेते. फळीपासून दोन मीटर आत असेल तर तोल सावरायला जागा मिळते. घात होतो अर्ध्या ते एक मीटरच्या पट्ट्यात : धक्का बसतो, पाय जागेवर राहतात आणि डोकं फळीवर जातं. म्हणून शिकवताना आधी धडक घ्यायला शिकवतात. पककडे जाताना खांद्यावरून मागे पाहायचं, फळीशी काटकोनात कधीच जायचं नाही, तिरकं जायचं, शेवटच्या क्षणी फळीला अंग चिकटवायचं, गुडघे वाकवायचे, हनुवटी वर ठेवायची. मान खाली असताना बसलेला धक्का थेट मणक्यात जातो.

देणारीने आदळायच्या आधी पाय मारणं थांबवायचं, काठी खाली ठेवायची आणि खांदा समोरचीच्या छातीच्या बाजूला लावायचा. कोपर वर गेलं किंवा स्केट बर्फावरून सुटले की शिटी वाजते. साध्या चुकीला दोन मिनिटं बाहेर, गंभीर असेल तर पाच आणि सामन्यातून हकालपट्टी.

‘व्यावसायिक’ म्हणजे या लीगमधल्या सगळ्या खेळाडू पगारावर जगतात का?
— एक वाचक, बडोदे

नाही. वरच्या संघांतल्या काहीजणी जगतात, अनेकजणी शिकतात किंवा नोकरी करतात. ऑगस्ट २०१९ मध्ये स्वीडनच्या ४३ खेळाडूंनी राष्ट्रीय संघाच्या शिबिरावर बहिष्कार टाकला, तो मोबदला, विमा आणि बायकांच्या मापाचे कपडे यांसाठी. मापाचे कपडे, २०१९ साली!

मुलगा लुलेओ तंत्रविद्यापीठात आहे. आम्ही मार्चमध्ये जाणार आहोत. सामना पाहायचा तर काय करावं?
— एक वाचक, पुणे

मार्च उत्तम, बाद फेरीचे दिवस असतात. वेळापत्रक मात्र निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासा, कारण बाद फेरीत दोन संघांत अनेक सामन्यांची मालिका असते, आणि ती लवकर आटोपली तर पुढचा सामना होतच नाही. जागा : कूप नॉरबोत्तन अरेना, जुनं नाव देल्फीनेन, क्षमता सहा हजारांच्या वर. खेळ वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत चालतो, पण पक थांबला की घड्याळही थांबतं. मध्यंतरं धरून सव्वादोन तास हाताशी ठेवा. निळ्या रेषेच्या (रिंकचे तीन भाग पाडणाऱ्या दोन रेषांपैकी एकीच्या) समोरची, थोडी वरची जागा घ्या. अगदी पुढच्या रांगेतून काचेजवळचं दिसतं, पण पलीकडच्या टोकाला काय चाललंय ते कळत नाही. आत हीटर आहे म्हणून स्वेटर काढू नका, बसून बसून थंडी भरते. रोख पैसे फारसे कामी येत नाहीत, कार्ड ठेवा.

पकमागे डोळे पळवायला पहिली दहा मिनिटं जड जातात. तोवर खेळाडूंची अदलाबदल पाहा. दर चाळीस-पन्नास सेकंदांनी पाचजणी बाहेर येतात आणि नव्या आत जातात. बदलताना सहावी लवकर बर्फावर उतरली तर दोन मिनिटांचा दंड होतो, आणि चुरशीच्या सामन्यात नेमकं हेच घडतं.

दुपार मोकळी असेल तर बंदरात गोठलेल्या समुद्रावर आखलेल्या वाटेवर चालून या. बुटांना खालून लावायचे काटे मुलाकडे असतीलच, ते मागून घ्या.