सीआयएसएफमधून (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) डिसमिस केलंय, हायकोर्टात रिट टाकली तर नोकरी परत मिळते का?

मिळते कधीकधी, पण रिट (सरकारी आदेशाविरुद्ध थेट हायकोर्टात केलेली याचिका) म्हणजे अपील नाही हे आधी डोक्यात बसवा. हायकोर्ट साक्षीपुरावे पुन्हा तपासत बसत नाही, चौकशी नियमाने झाली का आणि शिक्षा फारच जास्त आहे का एवढंच बघतं, सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या बी. सी. चतुर्वेदी केसमध्ये हेच सांगितलंय.

माझे मिस्टर पण एका केंद्रीय दलात होते, नाव लिहीत नाही. सासऱ्यांना लकवा मारला म्हणून रजेवर आले आणि रजा संपल्यावर चार महिने घरीच राहिले. युनिटची रजिस्टर पत्रं सुरू झाली, आधी हजर व्हा, मग चार्जशीट, मग चौकशीची तारीख. मी म्हणत होते दवाखान्याचे कागद जोडून एक पानाचं तरी उत्तर पाठवा, पण मोठे भाऊजी म्हणाले काही सही करून घ्यायचं नाही, साहेब त्यांचे, चौकशी त्यांची, आपण डायरेक्ट कोर्टात बघू. पोस्टमन दारातून दोनदा परत गेला, माझ्या डोळ्यांसमोर. चौकशी एक्स पार्टी, म्हणजे आमच्या गैरहजेरीतच झाली, बडतर्फ केलं, पेन्शन पण गेली.

कोर्टात जजसाहेबांनी पहिलंच विचारलं, हे मेडिकल पेपर चौकशीत का दिले नाहीत? पेटिशन फेटाळली. भाऊजी अजून म्हणतात वकील कच्चा होता. वकिलाने काय करायचं होतं, चौकशीच्या फाइलमध्ये आमच्या बाजूचा एक कागद नव्हता!

त्यामुळे मुद्दे चौकशीतच शोधा. चौकशी अहवालाची कॉपी शिक्षेच्या आधी दिली होती का (ती द्यावीच लागते, सुप्रीम कोर्टाची करुणाकर केस, १९९३)? सस्पेंड असताना निर्वाह भत्ता (पगाराऐवजी जगण्यापुरते मिळणारे पैसे) मिळाला का? कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या एका सिक्युरिटी ऑफिसरचा भत्ता बंद होता, तो केरळातून चौकशीला पोचूच शकला नाही, सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये त्याची बडतर्फी रद्द केली. आणि डिपार्टमेंटचं अपील ३० दिवसांत टाका, ते सोडून थेट रिट टाकली तर बहुतेक वेळा आधी तिकडे जा म्हणून परत पाठवतात.

मी वकील नाही, आणि तुमच्यावर चार्ज काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. चोरी किंवा लाचेचा असेल तर शिक्षा जास्त झाली हा मुद्दा सहसा चालत नाही. घरातलं कोणी "कोर्टात बघू" म्हणत असेल तर त्यांचं ऐकू नका, ऑर्डर हातात पडल्याची तारीख बघा आणि अपील लिहायला घ्या.